मच्याडोबाईचे कांदे

मस्कतमध्ये दार्सैतला आमच्या खालच्या मजल्यावर मच्याडोबाई राहायची, आणि आम्ही तिच्या डोक्यावर राहतो याचा तिला कायमचा राग होता. तोंडावर मी तिला "बाई, तुम्ही" म्हणायचे आणि वर येऊन नवऱ्याला सांगताना "ती". इथेही "ती"च म्हणणार आहे. आता इतक्या वर्षांनी खोटा आदर कुणाला दाखवू?

ती वसईची. अल् खुवैरला एका कंपनीत मॅनेजरची सेक्रेटरी. मॅनेजर आले नि गेले, ही खुर्ची धरून बसली. लग्न केलं नाही. "बघितले होते," म्हणायची, "एकालाही धड बूट घालता येत नव्हते." पांढरे केस कानाखाली कापलेले, ऑफिसला जाताना कडक इस्त्रीचा फ्रॉक, घरी आल्यावर जुना गाऊन आणि त्यावर मातीने माखलेला एप्रन. शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आली की फादरच्या प्रवचनातल्या चुका मला जिन्यात ऐकवायची. मी रत्नागिरीची मुसलमान, मला त्या चुका काय कळणार! पण तिला ऐकायला कुणीतरी लागायचं, आणि जिना एकच होता.

घर जुनं, दोन मजली. तिच्या वाट्याला पुढचं छोटं अंगण आलेलं. तेवढ्या अंगणाच्या जोरावर ती अख्ख्या मस्कतच्या बागांना नावं ठेवायची. दार्सैतमधल्या बाल्कनीबाल्कनीत कढीपत्ता, पुदिना आणि एखादी मरायला टेकलेली तुळस. "ही बाग नाही, स्वयंपाकघर बाहेर आलंय." बोगनवेल? "भिंतीला रंग द्यायचा कंटाळा आला की लावतात." थंडीत हायवेच्या कडेने नगरपालिका जांभळी-पांढरी पेटुनिया लावते, बघून जीव हरखतो माझा. त्यावर ही म्हणायची, "भाड्याची फुलं. थंडीत आणतात, उन्हाळ्यात उपटून फेकतात. तुझ्या-माझ्यासारखीच." आणि असं काही बोलली की लगेच आत जाऊन दार लावायची, म्हणजे आपल्याला उत्तर द्यायची सोय नाही.

बरं, हिची स्वतःची बाग कसली, तर डॅफोडिलची. मस्कतमध्ये! जिथे उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की आम्ही गीझर बंद ठेवून त्यात साठून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो, तिथे ही बाई विलायती डॅफोडिल लावायची. तीही साधी नाहीत. "डबल," ती ठासून सांगायची. साध्या डॅफोडिलला मधोमध एक पेला असतो, पोरांच्या पुस्तकात चित्र असतं तसा. हिच्या फुलात तो पेला फुटून नुसता पाकळ्यांचा गुंता झालेला, पिवळा, कडांना हिरवट, विस्कटलेला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सहज म्हटलं, "बाई, हे कुणी चुरगळलं हो?" त्यावर तिने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. चांगला गेला तो आठवडा.

ते वाण फार जुनं. विलायतेत कुठल्याशा आजीच्या बागेतलं. तिची नात इथल्या डॉक्टरची बायको होऊन आली, तिने येताना कंद आणले. मडम परत गेली तेव्हा तिने ते मंगळूरच्या एका मेट्रनला दिले. मेट्रन निवृत्त होऊन गेली तेव्हा ते मच्याडोबाईकडे आले. गल्फमध्ये आपलं असंच चालतं. माणूस कायमचा निघाला की फ्रिज एकाला, सोफा दुसऱ्याला, कुंड्या तिसऱ्याला. माझ्या घरात आजही एका मल्याळी कुटुंबाचं कपाट आहे आणि त्या लोकांची तोंडंही मी बघितलेली नाहीत.

पण कपाटाला कुणी बघायला लागत नाही, ह्या फुलाला लागतं. सगळा जीव पाकळ्यांतच गेल्यामुळे त्याला बी धरत नाही. जमिनीत कंदाला कंद फुटतो, तो सोडवून वेगळा लावायचा, एवढीच त्याची वाढ. कुणीतरी वर्षानुवर्षं हात लावत राहिलं तर ते आहे. "हातातून हातात," बाई म्हणायची, "नाहीतर खलास." जाताना मेट्रनने तिला बजावलं होतं, "तुझ्या हातून हे मरता कामा नये." हे वाक्य तिने मला इतक्यांदा ऐकवलं, की त्या मेट्रनशी माझं स्वतःचं भांडण असल्यासारखं मला वाटायला लागलं होतं.

आणि ते जगवायचं म्हणजे काय थोडा ताप? उन्हाळा लागला, पानं पिवळी पडली, की कंद उपसायचे आणि सावलीत वाळवायचे. सप्टेंबरपासून त्यांना थंडीत ठेवायचं, म्हणजे त्यांना वाटतं हिवाळा आला. हा हिवाळा आमच्या दुकानात यायचा. माझा नवरा इक्बाल, त्याचं मत्राहला मासळीचं दुकान. चिलरमध्ये वरच्या फळीवर सुरमई आणि खालच्या फळीवर जाळीच्या पिशवीत मच्याडोबाईचे कांदे. आम्ही कांदेच म्हणायचो, तिला चिडवायला. घरच्या फ्रिजवर तिचा भरवसा नव्हता. "लोक फ्रिज सारखा उघडतात. खायला!" जसा काही फ्रिज नमाज पढायला असतो. इक्बाल बिचारा एकदा म्हणाला, "बाई, तुमच्या कांद्यांना मासळीचा वास लागेल." ती म्हणाली, "लागू दे. तुमच्या मासळीला तरी कुठे चांगला वास आहे?" फुकट जागा वापरून वर हे.

थंडी सुरू झाली की कुंड्यांत लावायची. फेब्रुवारीत कळी दिसायची, आणि नेमका त्याच वेळी वाळवंटाकडून गरम वारा सुटायचा. मग ती कळी आतल्या आत वाळून जायची. वरचं कागदी आवरण तसंच, उघडायचंच नाही. ते दिवस आले की बाई ऑफिसातून धावत यायची, अंगणात दोऱ्या ताणून त्यांवर ओले पंचे टाकायची, आणि वर बघून मला ओरडायची, "ए वरची, तुझ्या एसीचं पाणी इकडे टपकतंय!" टपकलं तर तुझ्याच कुंड्या गार होतील ना, बये? पण नाही. कुठल्या वर्षी एखाददुसरं फूल यायचं, कुठल्या वर्षी काहीच नाही. आलं की अख्ख्या गल्लीला बोलवायची, आणि लोक जवळ गेले की म्हणायची, "लांबून बघा. श्वास लागतो त्याला."

मग तेलाचे भाव पडले आणि कंपन्यांनी माणसं कमी करायला घेतली. मच्याडोबाईला कळवलं, की चालू व्हिसा संपला की पुढचा नाही. म्हणजे अजून एक हिवाळा हातात होता, आणि त्याच्या पुढचा सुरू होता होता निघायचं. तिने नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. कंपनीला शिव्याही नाहीत. मला वाटलं, चला, एकदाची सुटका. मग एका संध्याकाळी मी बाजारातून आले तर ही आमच्या पायरीवर बसलेली.

"शमीम," ती म्हणाली. तोपर्यंत मी "ए वरची"च होते. माझं नाव तिला माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. "शमीम, हे माझ्या हातून मरणार गं."

मी म्हटलं, घेऊन जा की वसईला. तर वसईत काय राहिलंय? भावाने वाडी बिल्डरला दिली, हिच्या वाट्याला दुसऱ्या मजल्यावरची एक खोली. खिडकीच्या ग्रिलमध्ये एक कुंडी मावेल आणि पहिल्याच पावसाळ्यात कंद कुजून जाईल. तिथे ना ही थंडी, ना उन्हाळ्याचा हा कोरडेपणा. सगळं तिने विचार करून ठेवलेलं होतं. तिच्या आवाजात भीती होती. बारा बंदरांचे मॅनेजर कोळून प्यायलेली ही बाई एका विस्कटलेल्या फुलासाठी घाबरली होती. मला दया आली, खोटं नाही सांगत. म्हणून म्हटलं, "मला द्या. मी बघेन."

"तुला?" ती उठून उभी राहिली. "तू तुझ्या कुंड्यांना रागाने पाणी घालतेस. वरून माझ्या अंगणात पडतं ते मी बघते ना." झालं. दया गेली.

मग तिने त्या हिवाळ्यात परीक्षा मांडली. लोक निवडले, एकेकाला एकेक कंद दिला, वर सूचनांचा भडिमार. ज्याच्याकडे फूल येईल त्याला सगळे कंद. मला अर्थात परीक्षेला बसायचीही परवानगी नव्हती.

पहिले अल् खुवैरचे चित्रे, नवरा-बायको. कुठलाही मराठी कार्यक्रम असो, हे पहिल्या रांगेत, आणि चित्रेवहिनींची साडी रांगेच्याही पुढे. त्यांनी कंदासाठी खास निळी कुंडी आणली, आल्यागेल्याला दाखवली. फेब्रुवारीत पानं आली, दांडा आला, टोकाला नुसतं सुकलेलं पापुद्र्याचं टोपरं. बाई मला घेऊन तपासणीला गेली. चित्रेवहिनी म्हणाल्या, "अगदी बाळासारखं जपलं हो आम्ही!" बाईने न विचारता त्यांचा फ्रिज उघडला आणि खालचा ड्रॉवर ओढला.

"थंडीसाठी इथे ठेवला होता?"

"हो, इथेच. किती गारवा असतो!"

"आणि ही सफरचंदं?"

"ती असतातच हो. ह्यांना रोज एक लागतं."

"फळ पिकताना वायू सोडतं. त्याने कंदातली कळी मरते. फळाशेजारी ठेवू नका, हे मी सांगितलं होतं की नव्हतं?"

"सांगितलं होतं," चित्रेवहिनी म्हणाल्या, "पण ही इंपोर्टेड सफरचंदं आहेत."

बाईने ड्रॉवर बंद केला. चहा ठेवलेला होता, तो न घेता आम्ही निघालो. बटाटेवडेही होते, मला वास आला होता. टॅक्सीत ती एवढंच म्हणाली, "इंपोर्टेड!" आणि दार्सैत येईपर्यंत स्वतःशीच हसत राहिली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

दुसरा सुनील, माबेलाला राहणारा इंजिनियर पोरगा. नवं लग्न, नवं घर, अंगणात प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं. त्याने एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फोटो टाकला. कुंडीत डॅफोडिल, पिवळंधमक, टवटवीत! खाली अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस. चित्रेवहिनींनीसुद्धा नमस्कार पाठवला, दात खाऊन पाठवला असणार. मी धावत खाली गेले आणि बाईला दाखवला. तिने चष्मा लावला.

"मोठा कर."

मी केला.

"अजून कर. देठाकडे."

देठ जिथे मातीत जायला हवा तिथे हिरव्या प्लास्टिकची तार दिसत होती. तोबा तोबा! मी हसून लोटपोट झाले. ती नाही हसली. त्याच शुक्रवारी टॅक्सी करून एवढ्या लांब माबेलाला गेली, मला ओढून नेलं. सुनीलकडे पाहुणे जेवायला बसलेले. बाई थेट अंगणात गेली, कुंडीतलं फूल उपटलं, कुंडी काखेत मारली, आत येऊन फूल बिर्याणीच्या ताटांमध्ये ठेवलं. "हे तुझं," म्हणाली. मग मातीत बोटं घालून कंद काढला. कुजून लगदा झाला होता, पाण्याच्या नळीला टायमर लावलेला ना! "आणि हे माझं होतं."

सुनील कानापर्यंत लाल. "आंटी, माझं सगळं आयुष्य हायवेवरच जातं हो. सकाळी अंधारात निघतो, रात्री येतो. झाडाकडे बघायला वेळ कुठाय?"

"मग घेतलास कशाला?"

"तुम्हाला नाही म्हणायची भीती वाटली."

हे मात्र खरं बोलला पोरगा. परत येताना टॅक्सीत बसलो. मी चांगलं झापलं तिला. म्हटलं, "लोकांना घाबरवून फुलं येतात का? तुमच्यासारखं कुणीच नाही, हे तुम्हाला सिद्ध करायचं होतं. झालं सिद्ध. आता मरू द्या तुमचे कांदे." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुला वाटतं मला ते हवं होतं?"

त्या वर्षी तिच्या स्वतःच्या कुंडीतही फूल आलं नाही. उन्हाळा गेला, कंद पुन्हा आमच्या चिलरमध्ये आले, आणि तिने सामान वाटायला काढलं. सोफा गेला, कपाट गेलं. कंद कुणाला द्यायचे याचा पत्ता नाही.

आमच्या दुकानाचे अर्बाब म्हणजे सालिम, ज्यांच्या नावावर दुकानाचं लायसन आहे ते ओमानी गृहस्थ. ते महिन्यातून एखाद्या वेळी येतात, चहा पितात, एक मासा घेऊन जातात. त्या दिवशी मासा निवडायला ते स्वतः चिलरमध्ये शिरले आणि खालच्या फळीवरची पिशवी उचलून बाहेर आले. त्यांचं हिंदी अगदी बाजारचं. इक्बालला म्हणाले, "ये इधर क्यों? ये मेरा मम्मा का पास भी है. जबल में. नर्जिस."

जबल म्हणजे जबल अख्दर. मस्कतहून काही तासांवरचा उंच डोंगर, तिथे थंडीत अंगावर गोधडी लागते. सालिमची आई तिथे गावातच राहते. डाळिंबं, गुलाब, लसूण, आणि बांधाच्या कडेला हे नर्जिस, डॅफोडिलच्याच जातीचं, पण साधं, एकेरी, वासाचं.

मी जाऊन बाईला सांगितलं. तिने नाक मुरडलं. "डोंगरावर? तिथे बकऱ्या खातील."

"बाई, ह्या कंदाला बकरी तोंड लावत नाही. विषारी असतो तो. तुम्हीच सांगितलंय."

तिने एप्रनला हात पुसले. मग म्हणाली, "कधी निघायचं?"

सालिमच्याच गाडीतून गेलो. पायथ्याशी पोलीस चौकी आहे, फोर-व्हील गाडी असेल तरच वर सोडतात. इक्बाल पुढे, आम्ही दोघी मागे, पिशवी तिच्या मांडीवर. वळणावळणाला मी तिच्यावर कलंडत होते आणि ही म्हणते, "श्वास सोडताना तोंड तिकडे कर."

सालिमची आई वाफ्यात लसूण लावत होती. उन्हाने भाजलेला चेहरा, चिवट हात. आम्ही आलो म्हणून उठली नाही, हात तेवढा पुढे केला. बाईने पिशवी दिली. म्हातारीने एक कंद काढला, अंगठ्याने दाबला, हुंगला, आणि खो-खो हसत मुलाला म्हणाली, "समक!" मासळी! सालिमही हसले. मग बाईने फोनमधला फुलाचा फोटो दाखवला. म्हातारीने फोन लांब धरला, जवळ धरला, आडवा केला.

"मम्मा बोलता है, ये फटा हुआ है."

"फटा नहीं," बाई ताडकन म्हणाली, "डबल है!"

सालिमने सांगितलं. म्हातारी लांबलचक काहीतरी बोलली. सालिमने थोडक्यात उरकलं, "मम्मा पूछता है, डबल क्यों? एक में क्या खराब?"

मच्याडोबाईने फोन ओढून घेतला आणि स्वतःच फोटो निरखायला लागली. मी एवढी वर्षं तिच्या डोक्यावर राहिले, तिला स्वतःच्या फुलात खोट शोधताना पहिल्यांदा बघितलं. हसू आवरेना मला, ओढणीचं टोक तोंडात कोंबलं.

मग दोघी लावायला बसल्या. लसणापासून दूर, वरच्या बांधाशी, हे म्हातारीनेच ठरवलं. तिने बोटभर खड्डा केला. बाईने हाताने तो खोल केला. म्हातारीने तिच्या हातावर चापट मारली आणि माती परत लोटली. बाईने पुन्हा उकरली. एकीला अरबी, एकीला मराठी, आणि दोघी एकमेकींना मूर्ख म्हणत होत्या हे समजायला भाषा लागत नव्हती. कुणाची खोली बरोबर होती अल्ला जाणे. फेब्रुवारीत सालिम इक्बालला म्हणाले, फूल आलंय, मम्मा म्हणते दिसायला काही खास नाही. मी ते वसईला कळवलं. उत्तर आलं, "तिला डोळे नाहीत."

पण ते नंतरचं. त्या दिवशी सगळे कंद मातीत गेले आणि बाई हात न धुता तशीच बसून राहिली. मग सालिमना म्हणाली, "इनको पूछो. ये जाएगा तब किसको देगा?"

"किधर जाएगा?"

"किधर भी. पूछो."

सालिमने विचारलं. म्हातारीला प्रश्न कळला नाही. तिने परत विचारायला लावला. मग तिने डोंगराकडे बघितलं, खालच्या घराकडे बघितलं, आणि मच्याडोबाईकडे असं बघितलं, जसं मच्याडोबाई आजवर आम्हा सगळ्यांकडे बघत आली होती.

"मम्मा पूछता है," सालिम म्हणाले, "हम किधर जाएगा?"

बाई दगडी बांधावर बसली. मग मला म्हणाली, मराठीत, म्हणजे त्यांना कळू नये, "मडम जाणारी, मेट्रन जाणारी, मी जाणारी. आणि जाणाऱ्याच एकमेकींच्या हातात देत बसलो. शमीम, इतकी वर्षं इथे राहिलो आणि राहणाऱ्या एका माणसाला विचारावं असं एकीलाही सुचलं नाही. कसल्या गाढव बाया गं आम्ही!" तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते मातीच्या हाताने पुसत होती. सगळा चेहरा माखला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून तिचाच राग आला.

इक्बाल गाडीपाशी जाऊन हाका मारायला लागला, उतरणीच्या रस्त्यावर अंधार नको म्हणून. मी उठले. वळून बघते तर ही वाफ्यात उतरलेली. म्हातारीच्या टोपलीतून तिने लसणाची एक पाकळी घेतली आणि रांगेत खोचली. म्हातारीने न बोलता ती उपटली, उलटी करून परत लावली, आणि बोटाने दाबून दाखवली.

बाईने दुसरी पाकळी घेतली. तिने दाखवली तशीच लावली.

"बाई, चला," मी म्हटलं.

"थांब गं," ती वर न बघता म्हणाली, "एवढी रांग होऊ दे."

सालिमची आई पुढे सरकली, आणि तिने टोपली दोघींच्या मधे ठेवली.